उसनं ऊन

आमच्या खोलीत ऊन दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी येतं आणि चार सोळाला जातं. हे डिसेंबरचं वेळापत्रक. जानेवारीत ते थोडं पुढे सरकतं, मार्चमध्ये दुसऱ्या भिंतीवर जातं आणि पावसाळ्यात सरळ रजेवर असतं.

खरं तर आमची खिडकी पूर्वेला आहे. दुपारी चार वाजता पूर्वेकडून ऊन यायचं काही कारण नाही. पण लालबागच्या आमच्या चाळीसमोर, जरा उजव्या हाताला, २०१७ साली एक काचेचा टॉवर उभा राहिला. त्याआधी आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत सकाळी साडेसात ते नऊ चांगलं ऊन असायचं. आई त्यात कुळीथ पसरायची. माझ्या धाकट्या भावाला तिने त्याच उन्हात तेल लावून झोपवलं होतं. टॉवर झाला आणि आमची सकाळ गेली. मग कधीतरी एका दुपारी आईने हाक मारली, "अगो, बघ भिंतीवर काय आलंय." मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचं ऊन टॉवरच्या काचांवर आपटून उलटं आमच्या खिडकीत शिरलं होतं. कपाटाच्या शेजारी, वहीच्या पानाएवढा कवडसा.

आई त्याला 'उसनं ऊन' म्हणते. "सकाळी आपलं डबाभर घेऊन जातो आणि दुपारी वाटीभर परत करतो."

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं. ते वाटायला लावलं एका कोरियन कॅमेरामनने. त्याचं नाव होंग क्यंग-प्यो. तो माझ्या ओळखीचा नाही, त्याची भाषा मला येत नाही, आणि त्याच्याबद्दल जे काही कळतं ते बहुतेक त्याच्या कामातूनच कळतं. पण गेली काही वर्षं मी कुठल्याही खोलीत शिरले की आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघते. ही खोड त्याची आहे.

*

मी मालिकांच्या सेटवर कॅमेरा असिस्टंट आहे. तिसरी असिस्टंट, म्हणजे लेन्सच्या पेट्या सांभाळणं, बॅटऱ्या चार्जिंगला लावणं आणि कुणी ओरडलं की आपल्यालाच ओरडलंय असं समजून पळणं.

आमच्या मालिकेत एक वाडा आहे. वाड्याला माजघर आहे, तुळशीवृंदावन आहे आणि मोठमोठ्या खिडक्या आहेत. त्या खिडक्यांबाहेर काही नाही. सिमेंटची जमीन, केबलचे वेटोळे आणि स्टँडवर चढवलेला चार किलोवॅटचा एचएमआय. त्याच्यापुढे बटर पेपर लावला की कोवळं ऊन, काढला की कडक ऊन. खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर नीट पडावी म्हणून कटर. नायिकेच्या चेहऱ्यावर थोडं उजळ हवं म्हणून थर्माकोल धरून एक मुलगा उभा. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, बाहेर कुत्री भुंकत असतात आणि आत वाड्यात प्रसन्न सकाळ झालेली असते. सासूबाई पूजा करून उठलेल्या असतात.

आमचे गॅफर, ज्यांना सगळं युनिट दादा म्हणतं, ते ही सकाळ सात मिनिटांत उभी करतात. अठ्ठावीस वर्षं ते हेच करतायत. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "दादा, तुमच्या घरी ऊन येतं का?" ते म्हणाले, "मी घरी असतो कुठे ऊन असताना?"

मग मी रात्रीची शेवटची लोकल पकडून ऊन नसलेल्या खोलीत परत येते. हा विनोद मला बराच काळ कळलाच नव्हता.

*

फेब्रुवारी २०२० मध्ये 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं आणि आमच्या युनिटमध्येही त्याची चर्चा सुरू झाली. एका रविवारी शूटिंग लवकर संपलं तेव्हा आम्ही पाचसहा जण थेट थिएटरात गेलो. दादाही आले. सबटायटल्स वाचायचा त्यांना कंटाळा, पण त्यांनी सिनेमा पूर्ण पाहिला. बाहेर पडल्यावर चहा घेताना एवढंच म्हणाले, "लाइट कुठे लावलेत तेच कळत नाही रे."

आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नाही.

कथा तुम्हाला माहीत असेल. अर्ध्या तळघरात राहणारं किम कुटुंब एकेक करून श्रीमंत पार्क कुटुंबाच्या घरात नोकरीला शिरतं. तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा कथेकडे न बघता फक्त उजेडाकडे बघा. सिनेमाचा पहिला शॉट आहे एका अरुंद खिडकीचा. खिडकी आतून उंचावर, बाहेरून रस्त्याच्या पातळीला. तिथे मोजे वाळत घातलेत, कारण घरात जे काही ऊन येतं ते तिथेच. मग कॅमेरा सरळ खाली उतरतो आणि त्या उजेडाच्या खाली बसलेला मुलगा दिसतो. वायफाय शोधतोय. सव्वादोन तासांनी शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा त्याच खिडकीपासून तसाच खाली उतरतो. आता बाहेर रात्र आहे, बर्फ पडतोय. मुलगा तिथेच आहे. कुणीही काही बोललेलं नसतं, तरी त्याने पाहिलेलं स्वप्न खरं होणार नाही हे आपल्याला कॅमेऱ्याच्या त्या उतरण्यातून कळतं.

पार्क कुटुंबाच्या घरात मात्र उजेड आडवा पसरलेला आहे. दिवाणखान्यात सिनेमाच्या पडद्याच्या आकाराची एक लांबलचक काच, बाहेर हिरवळ, आणि ऊन थेट सोफ्यापर्यंत. मला वाटलं होतं कुठल्या तरी उद्योगपतीचा बंगला भाड्याने घेतला असेल. तो सेट होता! तळमजला आणि बाग मोकळ्या जागेवर बांधलेली, वरचा मजला स्टुडिओत वेगळा, आणि बाहेरून दिसणारा वरचा भाग नंतर कॉम्प्युटरवर चढवलेला. आणि ती मोकळी जागा निवडताना कला दिग्दर्शक ली हा-जुन आणि होंग यांनी आधी बघितलं ते सूर्याकडे. दिवसाच्या कुठल्या वेळी ऊन कुठून येईल, त्या मोठ्या काचेतून आत कुठवर पोचेल, याचा विचार आधी झाला आणि भिंती नंतर उभ्या राहिल्या. किमांची गल्ली मात्र पाण्याच्या प्रचंड टाकीत बांधली, कारण ती पुढे बुडवायची होती.

म्हणजे आमच्या सेटच्या बरोब्बर उलट. आम्ही घर बांधतो आणि त्याला ऊन चिकटवतो. त्यांनी ऊन शोधलं आणि त्याला घर बांधलं.

दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी मुलाखतींमध्ये हे स्पष्टच सांगितलंय. जितके तुम्ही गरीब, तितकं तुमच्या वाट्याला ऊन कमी. सोलमधल्या त्या अर्ध्या तळघरांना कोरियनमध्ये 'बांजिहा' म्हणतात. १९६८ साली उत्तर कोरियाच्या कमांडोंनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर हल्ल्याचा प्रयत्न केला. पुढे युद्धाच्या भीतीने, १९७० मध्ये, नव्या इमारतींना तळघरं बांधायला लावणारा कायदा आला. बॉम्ब पडलेच तर लपायला जागा हवी म्हणून. बॉम्ब पडले नाहीत. शहर वाढलं, घरं महागली आणि लपायच्या जागेत माणसं भाड्याने राहायला लागली. ऑगस्ट २०२२ मधल्या पावसात सोलमधल्या अशाच एका घरात पाणी शिरलं आणि एकाच कुटुंबातल्या तिघी बुडून गेल्या. सिनेमा येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यानंतर शहराने ही घरं हळूहळू बंद करण्याचं जाहीर केलं.

'पॅरासाइट'ला सहा ऑस्कर नामांकनं होती. त्यात कलादिग्दर्शनाचं होतं, संकलनाचं होतं. छायाचित्रणाचं नव्हतं. दादांचं वाक्य आठवलं. लाइट कुठे लावलेत तेच कळत नाही, म्हटल्यावर नामांकन तरी कसं कळणार?

*

मग मी होंग क्यंग-प्योचे मिळतील ते सिनेमे बघत सुटले. सेटवर सीन बदलताना मिळणाऱ्या वीस-वीस मिनिटांत, लोकलमध्ये, रात्री पांघरुणाखाली. छायाचित्रणाचा अभ्यास फोनच्या स्क्रीनवर करणं म्हणजे समुद्र बाटलीत भरून आणण्यासारखं आहे हे मला कळतं. पण माझ्याकडे बाटलीच आहे.

साठी ओलांडलेला हा माणूस नव्वदच्या दशकापासून कॅमेरा चालवतोय. सुरुवातीची यादी पाहिली तर हा सगळा एकाच माणसाचा उद्योग आहे यावर विश्वास बसत नाही. 'इल मारे' (२०००) ही पत्रांतून फुलणारी, पाण्याकाठच्या एकट्या घराची प्रेमकथा. 'सेव्ह द ग्रीन प्लॅनेट!' (२००३) हा परग्रहवासीयांच्या वेडाने झपाटलेला चक्रम सिनेमा. 'तेगुकगी' (२००४) हे कोरियन युद्धाचं महाचित्र, चिखल आणि रक्त अंगावर उडतंय असं वाटायला लावणारं. कोरियात एक कोटीहून जास्त लोकांनी ते थिएटरात पाहिलं. कोरियातले आघाडीचे दिग्दर्शक त्याला बोलवत राहिले. पुढे बोंग जून-होबरोबर 'मदर', 'स्नोपिअर्सर' आणि 'पॅरासाइट', ना होंग-जिनबरोबर 'द वेलिंग', ली चांग-डोंगबरोबर 'बर्निंग'. २०२२ मध्ये जपानचा हिरोकाझू कोरे-एडा कोरियात 'ब्रोकर' करायला आला, तेव्हा कॅमेऱ्यामागे हाच. त्याच वर्षी ली सांग-इलचा 'वाँडरिंग' हा जपानी सिनेमाही याचाच.

या सगळ्यांत त्याची अशी 'स्टाइल' शोधायला गेलात तर हाती लागत नाही. हाती लागते ती एक सवय. तो थांबतो.

'मदर' (२००९) चा शेवट बघा. पोटच्या पोरासाठी नको ते करून बसलेली आई सहलीच्या बसमध्ये बसलीय. बाकीच्या बायका बसच्या मधल्या वाटेत नाचतायत. ती उठते आणि त्यांच्यात मिसळते. आपण बसच्या बाहेर आहोत. पलीकडून मावळतीचं ऊन खिडक्यांतून आरपार येतंय आणि आतल्या सगळ्या बाया नुसत्या काळ्या आकृत्या झाल्यात. त्यातली आपली आई कुठली, हे शोधता शोधता ती हरवते. आता विचार करा. बस धावतेय, कॅमेराही धावतोय, आणि सूर्य खिडकीच्या बरोब्बर उंचीला यायला हवा. तो तिथे दिवसातून किती मिनिटं असतो? दिवसभर थांबायचं ते त्या मिनिटांसाठी.

'द वेलिंग' (२०१६) घडतो गोकसंग या डोंगराळ भागात. कोरियनमध्ये गावाचं नाव आणि 'आक्रोश' या अर्थाचा शब्द यांचा उच्चार एकच. भुताखेताचा सिनेमा, पण त्यातली भीती अंधारातून येत नाही. ती येते पहाटेच्या निळसर करड्या उजेडातून, डोंगरावर रेंगाळणाऱ्या धुक्यातून, पावसातून. झुंजूमुंजू होतं त्या वेळची ती भीती. आमच्या मालिकेत भूत आलं की दादा निळा कागद लावतात आणि धुराचं मशीन सुरू करतात. इथे निळा कागद नाही. पहाट आहे.

'स्नोपिअर्सर' (२०१३) मध्ये तर थांबायला सूर्यच नव्हता. सगळी आगगाडी प्रागच्या स्टुडिओत. जग गोठलंय, उरलेली माणसं एका न थांबणाऱ्या गाडीत राहतायत, गरीब शेपटीला आणि श्रीमंत पुढे. शेपटीच्या डब्यांना खिडक्या नाहीत. बंड करून लोक एकेक डबा पुढे सरकतात आणि एका डब्यात अचानक खिडक्या लागतात. इतक्या वर्षांनी त्यांच्या डोळ्यांवर उजेड पडतो. ते दिपून जातात, डोळ्यांवर हात धरतात. सात वर्षांनंतरच्या ऑस्करची गोष्ट मला तिथेच सुरू झालेली दिसते. पुढे सरकणं म्हणजे खिडकीपर्यंत पोचणं.

*

'बर्निंग' (२०१८) मी लोकलमध्ये पाहिला. परतीची गाडी, दारापाशी टेकून, कानात इअरफोन.

जोंग-सू नावाचा खेड्यातला मुलगा, लेखक व्हायचंय, मिळेल ती हमाली करतोय. त्याला हे-मी नावाची मुलगी भेटते. ती त्याला आपल्या खोलीवर नेते. एवढीशी खोली, उत्तरेकडे तोंड. ती सहज सांगते, इथे ऊन येत नाही, पण दिवसातून एकदा समोरच्या नामसान टॉवरच्या काचेवरून परावर्तित होऊन येतं. अगदी थोडा वेळ. नशीब असेल तरच दिसतं.

मी फोन पॉज केला.

भायखळा गेलं, चिंचपोकळी गेलं. मला करी रोडला उतरायचं होतं. मी उतरले नाही.

पुढच्या प्रसंगात दोघं एकमेकांच्या जवळ येतात आणि तेवढ्यात जोंग-सूची नजर भिंतीवर जाते. तिथे तो कवडसा असतो. तो बघतो. कवडसा विरून जातो. बस्स. नंतर ती मुलगी सिनेमातून नाहीशी होते आणि तो रिकाम्या खोलीच्या खिडकीशी उभा राहून त्या टॉवरकडे बघत राहतो, तेव्हा आपल्याला कळतं की त्या पोराच्या आयुष्यात आलेलं प्रेम नेमकं किती होतं. तेवढं होतं. कुणाच्या तरी काचेवरून आलेलं, काही मिनिटांचं.

परळच्या प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसून मी पुढचं पाहिलं. उत्तर कोरियाच्या सीमेजवळचं पाजू गाव, जोंग-सूचं घर, अंगणात तिघं बसलीयत आणि सूर्य बुडालाय. हे-मी उठून नाचायला लागते. मागे गाडीतून माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट वाजतोय. पाठीमागे आकाश केशरी, मग जांभळं, मग काळपट होत जातं आणि तिची आकृती हळूहळू त्यात विरघळते. नाचता नाचता ती रडायला लागते, आणि कॅमेरा तिला सोडून झाडांकडे, आकाशाकडे वळतो. मधे कट नाही. दिवस संपतो म्हणजे काय होतं ते त्या सलग शॉटमध्ये आपल्यासमोर होतं.

आमच्याकडे याला दिवेलागणीची वेळ म्हणतात. मालिकेत ही वेळ सगळ्यात महागडी, कारण ती खरी शूट करता येत नाही. एक चुकलं तर उद्यावर. एका एपिसोडला उद्या नसतो. ली चांग-डोंग आणि होंग यांनी तिच्यासाठी उद्या ठेवला असणार. एवढंच काय ते पैशाचं, वेळेचं आणि धीराचं अंतर.

त्या रात्री घरी आल्यावर मी आईला उठवलं आणि फोनवर तो खोलीतला प्रसंग दाखवला. म्हणजे त्यातला दाखवण्याजोगा भाग. आई डोळे चोळत म्हणाली, "त्यांच्याकडे पण टॉवर झाला?"

*

गेल्या दिवाळीनंतर आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा झाली. जिथे गणपतीचा मांडव पडतो त्या पटांगणात खुर्च्या मांडलेल्या. बिल्डरच्या माणसाने पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टर लावून थ्रीडी व्हिडिओ दाखवला. एक पुढे विक्रीचा टॉवर, पश्चिमेला, समुद्र दिसणारा. एक मागे आमची पुनर्वसनाची इमारत. हसरी माणसं, हिरवी झाडं, लॉबीत सोफे.

सगळ्यांनी विचारायचं ते विचारलं. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, पार्किंग मिळणार का. वरच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्ट बंद पडली तर काय, हे तीनदा विचारलं.

मी मात्र व्हिडिओतल्या सावल्या बघत बसले होते. सवय. आणि माझ्या लक्षात आलं की त्या व्हिडिओतलं ऊन उत्तरेकडून येतंय. लांब, तिरपं, सोनेरी ऊन, नेमकं उत्तरेकडून! मुंबईत मे ते जुलै सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो खरा, पण असं लांब सावल्यांचं ऊन उत्तरेकडून कधीच येत नाही. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून छान दिसेल तिथे सूर्य ठेवला होता. एचएमआय लावावा तसा.

मी उभी राहिले. विचारलं, "मागच्या बिल्डिंगला ऊन कुठून येणार?"

माणूस हसला. "मॅडम, फुल व्हेंटिलेशन आहे."

"वारा नाही विचारला. ऊन. पूर्वेला आधीच टॉवर आहे. पश्चिमेला तुमचा टॉवर होणार. आम्ही मधे."

मागून कुणीतरी म्हणालं, "हिला ऊन पाहिजे, आम्हाला घर पाहिजे." लोक हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. पण डोक्यात गणित सुरूच होतं. पश्चिमेला टॉवर झाला की पूर्वेच्या काचांवर दुपारचं ऊन पडणारच नाही. म्हणजे जे उसनं येतंय, तेसुद्धा बंद.

खोलीत आल्यावर मी आईला म्हटलं, "एवढ्यात सही करू नको. मी नकाशे मागते. थोडं थांबू या." थांबायचं मी होंगकडून शिकले होते ना!

आई भांडी लावत होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"किती थांबू?" ती म्हणाली. "तेहतीस वर्षं रात्री उठून, बॅटरी घेऊन, गॅलरीच्या टोकाला जातेय. गुडघ्यांची काय दशा झालीय बघतेस ना. पावसात तिथे पाणी असतं. तू रात्री दीड वाजता येतेस आणि एकटी त्या बाजूला जातेस तेव्हा मी जागी असते, माहीतेय? ऊन रस्त्यावर जाऊन पण घेता येतं गो. संडासाचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

'पॅरासाइट'मधल्या त्या अर्ध्या तळघरात संडास कुठे आहे, आठवतंय? घरातल्या सगळ्यात उंच जागी. दोन-तीन पायऱ्या चढून, छताला डोकं टेकेल असा ओट्यावर. घर जमिनीखाली असल्यामुळे तो खाली ठेवताच येत नाही. पूर येतो तेव्हा काळं पाणी त्यातून उसळत वर येतं आणि मुलगी झाकणावर बसून सिगारेट पेटवते. मी तो सिनेमा चार वेळा पाहिला होता. चारही वेळा मी खिडकीकडे बघत होते. आई एकदा पाहती तर तिला आधी तो संडास दिसला असता.

मला वाटत होतं, ऊन कुणाला किती मिळतं यातून सगळं कळतं. बरंच कळतं, हे अजूनही वाटतं. पण ज्याच्याकडे ऊनही नाही आणि संडासही नाही, त्याला दोन्ही मागता येत नाही. त्याला एक निवडावं लागतं. आणि तो जे निवडतो त्यावरून कुणीतरी म्हणतं, बघा, यांना उजेडाची कदर नाही.

*

आईने सही केली. मी शेजारी बसून प्रत्येक पान वाचलं, एवढंच. खोली रिकामी करायची नोटीस अजून यायची आहे. कुणी म्हणतं गुढीपाडव्याला, कुणी म्हणतं पुढच्या गणपतीनंतर. या शहरात असल्या तारखा कुणी फार मनावर घेत नाही.

गेल्या मंगळवारी मला सुट्टी होती. पावणेचारला मी फोन घेतला, स्टुलावर पोह्यांचा डबा ठेवला, त्याला फोन टेकवला. फ्रेममध्ये कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मधे रिकामी भिंत. एक्सपोजर लॉक केलं. ट्यूबलाइट बंद केली. खोलीत अंधार झाला आणि आम्ही दोघी थांबलो.

"काय करायचं?" आईने विचारलं.

"काही नाही. बसून राहा."

चार वाजून पाच मिनिटांनी तो आला. आधी कपाटाच्या कडेवर एक रेघ, मग रेघेची पट्टी, पट्टीचं वहीचं पान. चुन्याच्या भिंतीवरचे पोपडे उठून दिसायला लागले. खिळ्याची सावली पडली. अठ्ठावीस वर्षं मी या भिंतीसमोर राहतेय आणि तिच्यावर इतकं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आई थोडा वेळ बसली. मग उठली, प्लास्टिकचं स्टूल सरकवलं, भिंतीला पाठ लावून बसली आणि साडी जराशी वर घेऊन दोन्ही गुडघे कवडशात आणले. कवडसा सरकला तशी तीही स्टूल सरकवत गेली. तीनदा. मी काही बोलले नाही. एकही शब्द बोलले असते तर ती कॅमेऱ्याकडे बघून हसली असती.

चार सोळाला कवडसा कॅलेंडरच्या खालच्या कोपऱ्यावर गेला, रविवारचे लाल आकडे एकदा उजळले आणि सगळं पुन्हा राखाडी झालं. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. फोनच्या स्क्रीनवर आता फारसं काही दिसत नव्हतं. आईच्या पांढऱ्या केसांची कड तेवढी.

अंधारातून तिचा आवाज आला. "झालं का तुझं शूटिंग?"

"झालं."

"मग लाइट लाव. चहा टाकते."